ताई, हा माणूस चेंडूला बॅट लावणार तरी कधी?

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*मी मूळचा कोल्हापूरचा, गेली बरीच वर्षं फिलाडेल्फियाजवळ राहतो. २००८ साली इथला संघ, फिलीज, वर्ल्ड सिरीज जिंकला तेव्हा ऑफिसातल्या मंडळींबरोबर ब्रॉड स्ट्रीटवरच्या मिरवणुकीला गेलो आणि तेव्हापासून बेसबॉलचं वेड लागलं ते लागलंच. वर्षाला दहा-बारा सामने तरी मैदानात जाऊन बघतो. पण या हंगामात एका बॅटरनं माझं डोकं फिरवलंय. बॅट हवेत फिरते, चेंडू मागे कॅचरच्या हातात, आणि हा मान खाली घालून परत. मागच्या रविवारी चार वेळा आला आणि चारही वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. एवढा पगार घेतो आणि चेंडूला साधी बॅट लावता येत नाही?*

*२०२३ मध्ये आमचा ट्रे टर्नर असाच चाचपडत होता. तेव्हा आम्ही सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि तो खेळायला लागला. म्हणून यंदा याच्यासाठीही आठवडाभर इमानेइतबारे टाळ्या वाजवल्या. काही उपयोग नाही. रविवारी चौथ्यांदा तो परत निघाला तेव्हा माझा तोल गेला आणि मी त्याला मराठीत अशी एक शिवी हासडली की इथं लिहिणार नाही. वाटलं, इथं कोणाला कळतंय! तर पुढच्याच रांगेतले एक साठीचे गृहस्थ मागे वळले. शेजारी त्यांची नात. ते काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. निघताना मात्र "गर्दी आहे, जपून जा" म्हणाले. बोलण्यावरून नाशिककडचे वाटले. ते बघणं डोळ्यांसमोरून जात नाही.*

*बायको म्हणते, इतका त्रास होतो तर बघू नका. खरंच सोडून देऊ का? आणि चूक माझी की त्याची?*

*— एक वाचक, फिलाडेल्फियाजवळून*

---

नमस्कार.

आधी शेवटच्या प्रश्नांची उत्तरं. सोडू नका. आणि शिवी देण्यात चूक तुमचीच होती. हे तुम्हाला ठाऊक आहे, नाहीतर एवढं लांब पत्र लिहायला बसलाच नसता. तुम्ही त्या खेळाडूचं नाव लिहिलंय, ते मी इथं गाळलं आहे. तो आज वाईट खेळतोय म्हणून त्याचं नाव वर्षभर या पानावर राहावं असं मला वाटत नाही.

तुमचा राग मला पुरेपूर कळतो. मी बाल्टिमोरमध्ये राहते, इथल्या ओरिओल्स संघाची चाहती आहे, आणि आमच्या ख्रिस डेव्हिसची पडझड मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली आहे. त्याच्याकडे येतेच. त्याआधी एक गोष्ट, जी मला समजायला फार वर्षं लागली.

तुम्ही-आम्ही क्रिकेटवर वाढलो. आपल्या लेखी बाद होणं म्हणजे तंबूत परत, पॅड सोडा, दिवस संपला. दहा विकेटमधली एक गेली की संघाचा एक हात तुटल्यासारखं वाटतं, आणि बॅट फिरवून चेंडू हुकला की तोंडातून आपसूक निघतं, "विकेट फेकली!" तेच डोळे घेऊन आपण बेसबॉलला जाऊन बसतो. पण इथं नऊ इनिंगमध्ये सत्तावीस आउट असतात आणि गेलेला माणूस तासाभरात पुन्हा प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, उभा असतो, दिवसातून चार-पाच वेळा. ज्याचं ॲव्हरेज .३०० तो मोठा बॅटर, म्हणजे दहातल्या सात वेळा हात हलवत परतणारा! या खेळात आउट होणं हा रोजचा खर्च आहे. आपण मात्र दर वेळी घरात चोरी झाल्यासारखे ओरडतो.

आता तुमचा .२५० चा एखादा चांगला, नेहमीचा बॅटर घ्या. त्याला काहीही झालेलं नाही, हात-डोळे ठणठणीत आहेत. तो एका सामन्यात चार वेळा बॅटिंग करतो असं धरा. चारही वेळा हिट न मिळण्याची, म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेसवर न पोचण्याची, शक्यता किती? पाऊणचा चौथा घात करा: ०.३२ येतं. म्हणजे जवळपास दर तिसऱ्या सामन्यात तो कोरा राहणार, काहीही बिघडलेलं नसताना. असे तीन-चार कोरे दिवस लागोपाठ आले की आपण म्हणतो याचा फॉर्म गेला. कधी खरंच गेलेला असतो. कधी नुसते पत्ते वाईट पडलेले असतात.

बरं, स्ट्राइकआउटच एवढा का झोंबतो? ग्राउंडबॉल, म्हणजे जमिनीवरून जाणारा चेंडू, मारून पहिल्या बेसवर आउट झालेल्या माणसाला तुम्ही शिवी दिली नसती. त्यानं निदान चेंडूला बॅट लावली, पळाला, काहीतरी केल्यासारखं दिसलं. स्ट्राइकआउटमध्ये माणूस सगळ्यांसमोर एकटा उभा असतो, बॅट हवेतून रिकामी जाते, आणि पाहुणा संघ असेल तर गॅलरीत कोणीतरी आणखी एक के, म्हणजे स्ट्राइकआउटची खूण असलेलं K अक्षर, टांगतो. हे दृश्यच अपमानाचं आहे आणि आपण तो अपमान स्वतःचा करून घेतो. धावफलकावर मात्र तो एकच आउट असतो. बेसवर एक जण असताना सरळ शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, हातात मारलेल्या चेंडूनं दोन आउट होऊ शकतात. हिशेबानं तो जास्त वाईट, तरी त्याला तुम्ही फक्त हळहळता. हो, तिसऱ्या बेसवर माणूस असेल आणि एकच आउट झालेला असेल, तर स्ट्राइकआउट खरोखर महाग पडतो. तिथं तुमचा जीव तुटणं मला मान्य आहे.

तुमच्याच संघातला काइल श्वार्बर आठवा. २०२३ मध्ये त्याचं ॲव्हरेज होतं .१९७ आणि स्ट्राइकआउट २१५. ज्यांनी आयुष्यभर नुसतं ॲव्हरेज वाचलं त्यांना हा माणूस संघात कशाला असा प्रश्न पडेल. त्याच हंगामात त्यानं ४७ होमरन मारले, १२६ वेळा चार वाईट चेंडू सोडून फुकटात पहिल्या बेसवर गेला आणि १०८ धावा केल्या. त्याच्या होमरनला तुम्ही उड्या मारल्या असणार. त्या उड्या आणि ते २१५ स्ट्राइकआउट एकाच बॅटमधून आलेले आहेत. जोरात, वर उचलून मारणारा माणूस हुकणारही जास्त. रेगी जॅक्सनच्या नावावर २,५९७ स्ट्राइकआउट आहेत, कारकिर्दीतला सगळ्यात मोठा आकडा. त्याच रेगीचे ५६३ होमरन आहेत आणि तो १९९३ पासून हॉल ऑफ फेममध्ये आहे.

आणि समोरचा पिचरही काही मक्ख उभा नसतो. साठ फूट सहा इंचांवरून ताशी ९५ मैलांनी आलेला चेंडू प्लेटपाशी पोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात. यातला अर्ध्याहून जास्त वेळ चेंडू ओळखण्यात आणि बॅट आणण्यात जातो. मारू की सोडू हे ठरवायला उरतो तो पापणी लवण्याइतका. त्यात पुढचा चेंडू तसाच दिसतो आणि शेवटच्या क्षणी खाली बुडतो. पूर्वी दमलेला पिचर सातव्या-आठव्या इनिंगमध्ये सापडायचा, आता तिथं ताज्या दमाचा आणखी वेगवान कोणीतरी येतो. २०१८ साली मेजर लीगमध्ये इतिहासात पहिल्यांदाच हिट्सपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. सगळे बॅटर एका वर्षात आळशी झाले असं तर नाही ना? "साधी बॅट लावता येत नाही" यातला तो "साधी" शब्द तेवढा काढून टाका, एवढी माझी विनंती.

आता डेव्हिस. २०१३ साली त्यानं ५३ होमरन मारले, दोन्ही लीगमध्ये सगळ्यात जास्त. आमच्याकडे पोरं त्याच्या नावाचे शर्ट घालून शाळेत जायची. २०१६ च्या जानेवारीत क्लबनं त्याच्याशी सात वर्षांचा, १६.१ कोटी डॉलरचा करार केला. मग उतरण लागली. २०१८ मध्ये ॲव्हरेज .१६८, पूर्ण हंगाम खेळलेल्या बॅटरचं तोवरचं सगळ्यात कमी. त्या सप्टेंबरपासून त्याला हिटच मिळेना, आणि २०१९ चा हंगाम सुरू झाला तरी तेच.

एप्रिलमध्ये कॅम्डेन यार्ड्सवर घरचा पहिला सामना होता, यांकीजविरुद्ध. मी गेले होते. तो तीनदा आला, तिन्ही वेळा स्ट्राइकआउट. तिसऱ्या वेळी सगळ्या मैदानानं हुर्यो उडवली आणि त्यात माझाही आवाज होता. पुढे त्याच्या जागी दुसऱ्याला बॅटिंगला पाठवलं, तेव्हा लोकांनी जल्लोष केला. माझ्या डाव्या हाताला एक वयस्कर बाई होत्या, मांडीवर स्कोअरची वही, हातात बोटभर उरलेली पेन्सिल. मी ओरडून खाली बसले तेव्हा त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. डेव्हिसच्या चौकटीत तीन के होते. पण प्रत्येक केच्या खाली इवल्याशा ठिपक्यांची रांग होती, एका चेंडूला एक ठिपका: कुठला सोडला, कुठल्याला फसला, कुठला फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेला. मला म्हणाल्या, तू फक्त हे मोठं अक्षर बघितलंस, बाकीचं बघितलंच नाहीस. रागावल्या नव्हत्या, हळू आवाजात सांगत होत्या. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमच्या त्या नाशिकच्या काकांचं बघणं काय असेल ते मला कळतं, ते यामुळे.

तो हिट नसलेला सिलसिला ५४ ॲट-बॅटपर्यंत (फुकटात बेस मिळालेल्या खेपा न धरता) गेला. पिचर सोडून बाकी कोणत्याही खेळाडूचा इतका लांब सिलसिला कधी झाला नव्हता. १३ एप्रिलला, शनिवारी दुपारी, बॉस्टनमध्ये तो संपला. मी कणीक मळत होते, टीव्ही बाहेरच्या खोलीत. पहिल्याच इनिंगमध्ये पिचर पोर्सेलोच्या चेंडूवर त्यानं उजवीकडे सिंगल, म्हणजे एका बेसचा हिट, मारला, दोन धावा आल्या. पिठाच्या हातांनी मी बाहेर पळाले. पहिल्या बेसवर तो हसत होता, डगआउटमध्ये सगळे नाचत होते. त्या दिवशी त्याला आणखी दोन हिट मिळाले. मला वाटलं, सुटला बिचारा.

सुटला नव्हता. त्या वर्षीचं ॲव्हरेज .१७९, पुढच्या वर्षी .११५. २०२१ मध्ये खुब्याच्या सांध्याची, म्हणजे हिपची, शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली. याचा अर्थ, त्याचं संपलंय असं ओरडणारे आम्ही लोक बरोबर होतो. अंदाज बरोबर ठरला म्हणून माझं त्या दिवशीचं ओरडणं योग्य ठरतं असं मात्र मला कधीच वाटलं नाही. त्यानं एकाही चेंडूत फरक पडला नाही. फरक पडला तो शेजारच्या बाईंच्या दुपारीत.

यावर तुम्ही म्हणाल, मग टर्नरच्या टाळ्यांचं काय? ४ ऑगस्ट २०२३ ला तुमच्या मैदानानं त्याला उभं राहून मानवंदना दिली तोवर त्याचं ॲव्हरेज होतं .२३५. तिथून हंगाम संपेपर्यंत .३३७ आणि १६ होमरन. त्यानं स्वतः शहरात मोठे फलक लावून चाहत्यांचे आभार मानले. फार सुंदर घटना आहे, आणि फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांनी ती केली याचं मला जास्त कौतुक वाटतं, कारण तिथले लोक कोणाला सोडत नाहीत अशीच त्यांची ख्याती. पण टर्नर मुळात .३०० चा बॅटर. तो कधी ना कधी वर येणारच होता. टाळ्यांनी त्याचा भार हलका केला असेल, त्याला झोप लागली असेल, यावर माझा विश्वास आहे. टाळ्या म्हणजे औषधाची गोळी मात्र नव्हे, की आठवडाभर दिली, गुण आला नाही, म्हणून आता शिवी देऊन बघू. तुमची चूक मला इथं दिसते. तुम्ही टाळ्या वाजवल्या त्या उधारीवर, आणि वसुली झाली नाही म्हणून चिडलात.

ब्रुकलिनचे लोक वेगळे वागले होते. गिल हॉजेस हा तेव्हा ब्रुकलिनमध्ये असलेल्या डॉजर्स संघाचा पहिल्या बेसवरचा धिप्पाड, सज्जन खेळाडू. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजविरुद्ध सात सामने खेळला, २१ ॲट-बॅट, हिट एकही नाही. संघ हरला. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाही तेच रडगाणं चालू, शेवटी त्याला बसवलं. पण ब्रुकलिनमध्ये त्याची हुर्यो कोणी उडवली नाही. लोकांनी पत्रं पाठवली, तावीजासारख्या वस्तू पाठवल्या. १९५३ च्या मे महिन्यात तिथल्या एका चर्चमध्ये पाद्र्यांनी सांगितलं की आज उकाडा फार आहे, प्रवचन देत नाही, घरी जा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा. त्या हंगामाच्या शेवटी त्याचं ॲव्हरेज .३०२ होतं. प्रार्थनेनं झालं की सरावानं, यात मला शिरायचं नाही. मला आवडतं ते हे की त्या लोकांना तो आपल्या गल्लीतला आजारी माणूस वाटला. आजारी माणसाच्या दारात जाऊन कोणी "उठतोस की नाही" म्हणून ओरडत नाही.

आणि आपण तरी काय वेगळे? २००६ मध्ये वानखेडेवर सचिन एका धावेवर बाद झाला तेव्हा त्याच्याच मुंबईनं त्याची हुर्यो उडवली होती. अजित आगरकर ऑस्ट्रेलियात सलग पाच कसोटी डावांत शून्यावर बाद झाला तेव्हा त्याची किती टवाळी झाली. २००२ मध्ये त्याच आगरकरनं लॉर्ड्सवर नाबाद १०९ केल्या. टवाळी करणाऱ्यांपैकी कितीजण त्या दिवशी गप्प बसले असतील? कोणी नाही, सगळे नाचले. मीही.

पगाराचं थोडक्यात. ते पैसे मालकांनी दिले, त्यानं आधी केलेल्या कामावर दिले, आणि जास्त पैशानं चेंडू मोठा दिसत नाही. करार चुकला असेल तर तो करणाऱ्या ऑफिसवर रागवा, पत्र लिहा, तिकीट काढू नका. तो तुमचा हक्क आहे. पण प्लेटवर उभा असलेला माणूस मुद्दाम हुकत नसतो. तुमच्याइतकी ती बॅट लागावी असं जगात आणखी कोणाला वाटत असेल, तर ते त्यालाच.

मग ओरडायचंच नाही का? ओरडा ना! स्वतःच्या मैदानात गप्प बसायला मी सांगणार नाही. ग्राउंडबॉल मारून जो पहिल्या बेसकडे रमतगमत जातो त्याला मोठ्यानं ओरडा, कारण पळणं त्याच्या हातात आहे. चेंडू हुकणं हातात नाही. मी २०१९ पासून हाच एक नियम पाळते आणि माझा घसा अजून बसतोच.

पुढच्या सामन्याला एक वही आणि पेन्सिल घेऊन जा. फोन खिशात ठेवा, ॲव्हरेज बघू नका. फक्त या एका बॅटरचे चेंडू लिहा, ठिपक्यांनी. बाहेर जाणारा, जमिनीत शिरणारा चेंडू तो सोडतोय का? दोन स्ट्राइक झाल्यावर फाउल मारत टिकून राहतोय का? मारलेला चेंडू जोरात जाऊन कोणाच्या हातात बसतोय, की नुसता बॅटच्या टोकाला चाटून जातोय? वाईट चेंडू सुटायला लागले आणि पाच-सहा चेंडूंच्या लढाया दिसायला लागल्या, तर समजा गाडी रुळावर येतेय, हिट आज नाही तर परवा. आणि पंधरा दिवस मधोमध आलेल्या वेगवान चेंडूलाही तो उशिराच पोचत असेल, तर ती कदाचित वयाची किंवा दुखापतीची गोष्ट असेल, डेव्हिससारखी. मग तो जाईल. वाईट वाटेल, पण तेव्हा तुम्हाला चीड येणार नाही, कारण काय होतंय ते तुम्ही एकेका चेंडूनं पाहिलेलं असेल. तुमचा अर्धा राग कळत नसल्याचा आहे, असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं.

घरी वहिनींनाही एकदा सोबत न्या. त्यांना आकडे सांगत बसू नका, शेंगदाणे घ्या आणि वहीतला एक रकाना त्यांना भरू द्या.

राहिले ते काका. त्यांची हंगामभराची जागा तिथलीच असेल तर पुन्हा भेटतील. सरळ जाऊन नमस्कार करा आणि म्हणा, "काका, त्या दिवशी माझं चुकलं." त्यांच्या नातीसमोर म्हणा, कारण शिवीही तिच्यासमोरच दिली होती. मग खाली बसा, आणि तो बॅटर आला की वही उघडा. नात डोकावून बघेलच हे ठिपके कसले म्हणून. तिला दाखवा.

तुमची,
ताई